नाकारलेल्या वारशाची कुळकथा

१९२० साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात चार्ल्स गार्लंड नावाच्या २१ वर्षांच्या तरुणाने वडिलोपार्जित वारसा नाकारला. रक्कम दहा लाख डॉलरच्या घरातली. जो पैसा मी कमावला नाही तो माझा कसा, एवढाच त्याचा सवाल. नागरी हक्कांसाठी झगडणाऱ्या रॉजर बाल्डविन यांनी त्याला गळ घातली, की नाकारण्यापेक्षा घे आणि वाटून टाक. त्यातून १९२२ मध्ये ‘अमेरिकन फंड फॉर पब्लिक सर्व्हिस’ उभा राहिला. लोक त्याला गार्लंड फंडच म्हणत. संप, कामगारांची विद्यालये, पुस्तके यांना तो पैसा पुरवू लागला.

पण या फंडाची खरी पुण्याई वेगळ्याच कामात आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १८९६ च्या निकालाने ‘वेगळे पण समान’ म्हणत वर्णभेदाला कायद्याचा आधार दिला होता. तो उखडायला कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी’ या संघटनेने निधी मागितला. संघटनेचे जेम्स वेल्डन जॉन्सन फंडाचेही विश्वस्त होते. बाल्डविन मात्र साशंक होते. सत्ताधारी वर्ग कायद्यातूनही पळवाट काढेल, असे त्यांना वाटे. तरीही १९३० मध्ये एक लाख डॉलर मंजूर झाले. शेअर बाजाराच्या पडझडीमुळे त्यातला लहानसा भागच हाती आला.

तेवढ्यातून नेथन मार्गोल्ड या वकिलाकडून लढ्याचा आराखडा लिहून घेतला गेला. कोर्टात जाण्याआधीच्या या अभ्यासाला पैसे देणे, हेच मला फंडाचे सर्वांत दूरदृष्टीचे काम वाटते. निकालाला दाद मिळते, अभ्यासाला कोण विचारतो?

पुढे या लढ्याची सूत्रे वकील चार्ल्स ह्यूस्टन यांच्याकडे आली. हॉवर्ड विद्यापीठाच्या विधी विद्यालयात घडवलेले विद्यार्थी त्यांच्या हाताशी होते. थर्गुड मार्शल त्यांतलेच. ह्यूस्टन कॅमेरा घेऊन साउथ कॅरोलायनात हिंडले आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांची दैना त्यांनी चित्रफितीवर उतरवली. खटल्यांची सुरुवात मात्र त्यांनी विधी महाविद्यालयांपासून केली. वकील कसा घडतो हे न्यायाधीशांना सांगावे लागत नाही, हे त्यांनी ओळखले होते. १९३६ मध्ये मेरीलँडच्या वरिष्ठ न्यायालयात आणि १९३८ मध्ये मिसुरीच्या खटल्यात थेट सर्वोच्च न्यायालयात त्यांची सरशी झाली.

१७ मे १९५४ रोजी ‘ब्राउन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. युक्तिवाद मार्शल यांचा होता. ह्यूस्टन १९५० मध्येच गेले होते, आणि गार्लंड फंडाचे दप्तर १९४१ मध्ये बंद झाले होते.