रायचूरची तिरडी, गुलबर्ग्याची शाळा

मंडळाच्या मागच्या बैठकीत मी 'पंडिता रमाबाई आणि आपला भाग' या विषयावर बोलेन म्हटलं, तेव्हा दोघा-तिघांनी विचारलं, "रमाबाई तर केडगावच्या. आपला काय संबंध?" प्रश्न बरोबर होता. दोन वर्षांपूर्वी मीही हेच विचारलं असतं. माझं आयुष्य पाटबंधाऱ्याच्या नकाशांत गेलं. इतिहास हा पन्नाशीनंतर लागलेला नाद. पण नकाशे वाचायची सवय इथं उपयोगी पडली. रमाबाईंच्या आयुष्यातली गावं एकदा रेल्वेच्या नकाशावर मांडून पाहिली आणि रायचूर, गुलबर्गा, केडगाव ही तिन्ही एकाच रुळावर सापडली.

हा रूळ जीआयपी रेल्वेचा. १८६० साली तो सोलापूरला पोचला, १८७१ साली गुलबर्ग्यावरून रायचूरला. निजामाच्या मुलखात अनेकांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेलं इंजिन याच रुळावरचं. आपलं राजेश्वर आणि हुमनाबाद मात्र पुढं जवळजवळ दीडशे वर्षं रुळाबाहेरच राहिलं. बीदर-कलबुर्गी गाडी सुरू झाली २०१७ साली. असो, ते दुःख वेगळं.

पण विषयाला हात घालण्याआधी एक गोष्ट सांगतो, कारण हा लेख खरं तर तिच्यामुळंच लिहिलाय.

२०२१ च्या उन्हाळ्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, आमच्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर गेले. मुलगा पुण्यात अडकलेला. घरात म्हातारी बायको आणि सून. सकाळी दहाला गेले, दुपारी तीनपर्यंत देह घरातच. गल्लीत वीस घरं. सगळ्यांच्या खिडक्या उघड्या, दारं बंद. त्या वीसांत माझंही एक दार होतं. मास्तरांनी मला गणित शिकवलेलं. शेवटी ख्रिस्ती वस्तीतली दोन पोरं आली. त्यांच्या आज्याला या गल्लीतून चप्पल हातात घेऊन जावं लागायचं, हे मी लहानपणी घरात ऐकलेलं. त्यांनी तोंडाला रुमाल बांधले, दोन माणसं आणखी बोलावली आणि मास्तरांना नेलं. चितेला लाकडंही त्यांनीच रचली. नंतर मी त्यातल्या एकाला विचारलं, भीती नाही वाटली? तो म्हणाला, "वाटली की सर. पण प्रार्थना करून आलतो." बस, एवढंच. मला त्याच्याकडून मोठं काहीतरी ऐकायचं होतं. त्याच्याजवळ सांगण्यासारखं एवढंच होतं.

त्यानंतर काही महिन्यांनी रमाबाईंनी दुष्काळाच्या अनुभवांविषयी लिहिलेलं वाचनात आलं. रायचूरचा मजकूर आला तिथं मी पुस्तक मिटून ठेवलं.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून ज्ञातीचा रोष पत्करलेला माणूस. घर सोडून सगळं कुटुंब तीर्थांतून हिंडायचं, पुराणं सांगायचं. मिळालेल्या पैशातून ब्राह्मणभोजनं, दानं, देवाला वाहिलेली नाणी. पुण्य साठत राहिलं, पोट रिकामं होत गेलं. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात अन्नाची टंचाई आली तेव्हा या घराजवळ पैसा उरलेला नव्हता आणि अंगमेहनतीची सवयही नव्हती. आधी वडील गेले. मग आई लक्ष्मीबाई, थोरली बहीण कृष्णाबाई, भाऊ श्रीनिवास आणि सोळा वर्षांची रमा असे फिरत रायचूरला पोचले.

आई तापानं आणि भुकेनं अंथरुणाला खिळलेली. तिला बाजरीच्या भाकरीचा तुकडा हवासा वाटला. रमा शेजारणीच्या दारात गेली, पण मागायला जीभ वळेना. ज्या घरानं आयुष्यभर दान दिलं, त्या घरच्या मुलीला मागणं येत नव्हतं. त्या बाईनं रडणं पाहून भाकरी दिली. ती घेऊन येईपर्यंत आईला खाण्याची शुद्ध उरली नव्हती.

आई गेली आणि तिरडीला चार खांदे मिळेनात. अनोळखी गाव, उपाशी परके लोक, कुठल्या रोगानं मेली कोण जाणे. बऱ्याच विनवण्या केल्यावर दोन ब्राह्मण तयार झाले. तिसरा भाऊ. चौथा खांदा रमाबाईंनी दिला. उंची कमी, म्हणून तिरडीचं टोक खांद्यावर न घेता डोक्यावर घ्यावं लागलं. स्मशान तीन मैल लांब.

रायचूर गुलबर्ग्याहून जेमतेम दीडशे किलोमीटर. तेव्हा निजामाचाच मुलूख. आपल्याच लोकांच्या बंद दारांची ही गोष्ट आहे.

पुढचं बरंचसं तुम्हाला ठाऊक असेल, म्हणून भरभर सांगतो. बहीणही गेली. भावाबरोबर पायी हिंडत कलकत्ता, १८७८. तिथं 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी ब्राह्मणेतर बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न. १८८१ मध्ये मुलगी मनोरमा, १८८२ मध्ये पटकीनं नवरा गेला. पुण्यात आर्य महिला समाज, मग १८८३ मध्ये इंग्लंड. डॉक्टर व्हायचं होतं, पण ऐकू कमी यायचं म्हणून तो बेत फसला. त्याच वर्षी वाँटेज इथं बाप्तिस्मा.

यानंतर पुण्यात जो गदारोळ झाला तो सगळ्यांना माहीत आहे. पण बाप्तिस्मा का घेतला याचं त्यांनी स्वतः दिलेलं कारण आपल्याकडं फारसं सांगितलं जात नाही. वाँटेजच्या जोगिणींचं एक काम लंडनमध्ये फुलहॅमला चालायचं. समाजानं 'पतित' ठरवलेल्या बायकांना तिथं आसरा दिला जाई. रमाबाई तिथं गेल्या. अशा बाईची सावलीही टाळायची, हे त्या लहानपणापासून शिकलेल्या. आणि इथं चांगल्या घरच्या जोगिणी त्यांच्याशी मायेनं वागत होत्या. तेही घृणा गिळून केलेलं कर्तव्य म्हणून नव्हे. रमाबाईंनी विचारलं, हे तुम्हाला कसं जमतं? उत्तरादाखल त्यांना ख्रिस्त आणि शोमरोनी बाईची विहिरीवरची भेट वाचायला दिली. पाणी भरायला आलेली परजातीची, बदनाम बाई, आणि तिच्याकडं पाणी मागणारा गुरू. विटाळाच्या दोन्ही रेषा त्यानं एका घागरीपाशी ओलांडलेल्या.

मी ख्रिस्ती नाही. देवळातही सणासुदीलाच जातो. पण रमाबाईंनी १९०७ साली लिहिलेली आपली साक्ष वाचताना मला त्यात एक यंत्र दिसलं. इंजिनियरची खोड, माफ करा. योहानाच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात भीतीचा उगम शिक्षेच्या धास्तीत आहे असं म्हटलंय. आता रायचूरच्या त्या बंद दारांकडं पाहा. रोगाची भीती होतीच. पण तिच्या पाठीशी विटाळाची, पापाची, जातीतून पडण्याची, केलेलं पुण्य वाया जाण्याची भीती होती. माणूस आयुष्यभर हिशेबाची वही घेऊन फिरत असेल, तर समोर पडलेला देह ही त्याला आधी खर्चाची बाजू वाटते. ज्याला मनापासून पटलं की आपला हिशेब दुसऱ्या कुणी चुकता केलाय, त्याचे हात मोकळे होतात.

हे रमाबाईंनाही एका दिवसात पटलेलं नाही. बाप्तिस्म्यानंतर सात-आठ वर्षं आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलंय. नव्या धर्मातही त्या आधी वहीच भरत होत्या. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचे मतभेद झाले, ते त्यांनी पत्रांतून सडेतोड मांडले. बिशपांचं सगळं मुकाट ऐकणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. भीती गेलेला माणूस आपल्या गोटालाही सोयीचा राहत नाही, हे मिशनच्या गौरवग्रंथांत सहसा येत नाही.

१८८९ साली मुंबईत शारदा सदन निघालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. विधवा मुलींसाठी शाळा, धर्माच्या बाबतीत कुणावर सक्ती नाही असं ठरलेलं. पण काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या आणि १८९३ मध्ये वादळ उठलं. 'केसरी'नं झोड उठवली. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्यांची बाजू मला अगदीच चूक वाटत नाही. पालकांना दिलेल्या शब्दाचा प्रश्न होता. दार उघडं ठेवून प्रार्थना करणारी बाई आणि त्या दारातून आत येणारी बारा वर्षांची विधवा, यात सक्ती नसली तरी ओढ असतेच. हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण १८९६-९७ चा दुष्काळ बघा. मध्य प्रांतात माणसं मरत होती. रमाबाई तिकडं गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या. हाडांचे सापळे, अंगावर जखमा, उवा, काहींची दलालांनी विटंबना केलेली. रायचूरच्या त्या मुलीला आता त्या शेजारणीच्या जागी उभं राहायचं होतं. पुण्यात प्लेग आलेला, नव्या माणसांना शहरात आणायला बंदी. म्हणून केडगावच्या माळावर, फळबागेसाठी घेतलेल्या सुमारे १०० एकर जमिनीवर या मुलींची सोय केली. मुक्ती सदनाची वसाहत अशी उभी राहिली. १९०० सालापर्यंत तिथं १५०० जणी होत्या. आश्रयासाठी कृपा सदन, म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन, आंधळ्यांसाठी बार्तीमय सदन. आंधळ्या मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवत. त्या ते अमेरिकेत शिकून आलेल्या.

त्याच वर्षी, मे १८९७ मध्ये, रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहून पुण्याच्या प्लेग व्यवस्थेत बायकांची होणारी हेळसांड उघड केली. आपल्या सदनातल्या एका मुलीचं उदाहरण दिलं. प्रकरण पार्लमेंटपर्यंत गेलं. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी पत्र दिशाभूल करणारं ठरवलं. पुढच्याच महिन्यात रँडचा खून झाला आणि पुण्यात सरकारविरुद्ध शब्द काढणं अवघड झालं. देणग्या परदेशातून येणाऱ्या, राज्य इंग्रजांचं, धर्म त्यांचाच. गप्प बसायला यापेक्षा चांगली कारणं कुणाला मिळाली असती? 'सरकारी मिशनरी' म्हणून रमाबाईंना मोडीत काढणाऱ्यांना हे पत्र अडचणीचं जातं.

आता गुलबर्गा. १९१२ साली रमाबाईंनी मनोरमाबाईंच्या मदतीनं गुलबर्ग्याला ख्रिस्ती हायस्कूल काढलं आणि मनोरमाबाई तिथं मुख्याध्यापिका झाल्या. मीर उस्मान अली खान गादीवर येऊन जेमतेम वर्ष झालेलं. राज्यकारभाराची भाषा उर्दू, बाजारात कन्नड आणि मराठी. शिक्षणात मागासलेला जिल्हा. आईला कन्नड येत होतं, शेवटी जन्म गंगामूळचा, बालपण दक्षिणेतल्या तीर्थांत. केडगावात आधीच दीड हजार तोंडं पोसायची असताना चाळिशीही न गाठलेल्या एकुलत्या एका मुलीला निजामाच्या मुलखात का पाठवलं? रायचूरची तिरडी आणि गुलबर्ग्याची शाळा हे दोन टोक मी जोडतोय, त्याची जबाबदारी माझी. पण केडगावहून गुलबर्ग्याला येणारी गाडी पुढं रायचूरलाच जाते, हे रमाबाईंना सांगायला नकाशा लागत नव्हता.

आमच्या भागाला ही गोष्ट परकीही नाही. बसवकल्याणात बाराव्या शतकात समगार हरळय्याचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसाची मुलगी यांचं लग्न लागलं, आणि दोन्ही बापांना बिज्जळानं देहदंड दिला, अशी शरण परंपरा सांगते. हुमनाबादच्या माणिकप्रभूंच्या दरबारात हिंदू-मुसलमान एकत्र बसत. भीती ओलांडायच्या वाटा इथं आधीही होत्या. त्यातली ख्रिस्ती वाट आमच्या अभ्यासातून मात्र सुटली, कारण त्या वाटेनं बहुतेक दलित वस्त्यांतली माणसं गेली आणि त्यांच्या आठवणी लिहून घ्यायला आपण कधी गेलोच नाही.

मनोरमाबाई जुलै १९२१ मध्ये गेल्या, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. रमाबाई त्यानंतर नऊ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ ला. तोवर हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर हातावेगळं झालेलं. छापखान्यात अक्षरं जुळवायला केडगावच्या बायकाच. ते १९२४ साली बाहेर आलं.

गेल्या फेब्रुवारीत मी हुमनाबादहून गाडीनं कलबुर्गीला गेलो. बरोबर मास्तरांना नेणाऱ्या त्या दोघांपैकी एकजण होता. आता तो तिथं एका दुकानात नोकरीला आहे. फलाटावर त्याला रायचूरची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "म्हणजे चौथा माणूस मिळाला नाही म्हणून बाईनं उचललं?" मी म्हटलं, हो. तो थोडा वेळ रुळाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मास्तरांच्या वेळेला आम्ही तुमच्याबी दाराशी आलतो सर. कडी वाजवली होती." मला कडी ऐकू आली होती.

वाचकांना एक विनंती. १९१२ ते १९२१ या काळातल्या गुलबर्ग्याच्या या शाळेत कुणाची आजी-पणजी शिकली असेल, घरात एखादं प्रगतिपुस्तक, बक्षिसाचं पुस्तक, फोटो असेल, तर मंडळाला कळवा. कागद आम्ही ठेवून घेणार नाही, फोटो काढून लगेच परत देऊ. बीदर, हुमनाबाद, बसवकल्याणच्या ख्रिस्ती वस्त्यांत म्हाताऱ्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायचं काम पावसाळ्यानंतर सुरू करतोय. कन्नड आणि दखनी नीट समजणारी दोन माणसं हवीत.