आखूड मनोऱ्यांचा पूल

दिवाडी बेटावरील श्रीसप्तकोटेश्वर सोळाव्या शतकात नदी ओलांडून डिचोली महालातील नार्वे येथे आला. तेथील देवालयाचा जीर्णोद्धार १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी करविला. मांडवी त्या संकटकाळी आसरा ठरली. एरवी मात्र ती वाटेतील अडसरच होती. पणजीजवळ तिच्यावर पूल झाला तो गोवा मुक्त झाल्यानंतर. ५ जुलै १९८६ रोजी तो पूल कोसळला, आणि पेडणे, डिचोलीकडून राजधानीस येणाऱ्या कित्येकांस पुन्हा फेरीबोटीचा आश्रय घ्यावा लागला.

त्या पुलाच्या काँक्रीटच्या तुळयांत ताणलेल्या पोलादी तारा होत्या. खाऱ्या हवेत त्या आतल्या आत गंजल्या. परंतु काँक्रीटच्या आड दडल्यामुळे त्यांची दुरवस्था सहजासहजी कोणास दिसण्यासारखी नव्हती.

पुढे १९८८ साली जाक माथिव्हा या फ्रेंच स्थापत्यविशारदाने निराळी कल्पना मांडली. तारा तुळईच्या पोटातून बाहेर काढून आखूड मनोऱ्यावरून न्याव्यात, अशी ती होय. अशा पुलास ‘एक्स्ट्राडोझ्ड’ म्हणतात. नेहमीच्या केबल-पुलाचा मनोरा गाळ्याच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतका उंच असतो. येथे तो साधारणतः दहाव्या हिश्श्याइतकाच असतो. केबल उताणी राहिल्याने ती तुळईस उचलते थोडे व आवळते अधिक. भाराचा मोठा वाटा तुळईच वाहते. वाहनांच्या ये-जा करण्याने केबलीवरचा ताण फारसा हेलकावत नाही. खांबापासून दोहों बाजूंस समतोल राखीत एकेक खंड जोडीत जावयाचे असल्याने पात्रात मचाणाची गरज पडत नाही. ज्या मांडवीतून डिचोलीचे लोहखनिज बार्जींनी मुरगावास जाई, तशा वाहत्या जलमार्गावर या सोयीचे मोल विशेष आहे.

जपानात ओदावारा येथे १९९४ साली असा पहिला पूल उभा राहिला. कोलकात्याचा निवेदिता सेतू २००७ साली, तर भरूचनजीकचा नर्मदेवरील पूल २०१७ साली खुला झाला. मांडवीवरही २७ जानेवारी २०१९ रोजी अटल सेतू खुला झाला; त्याच्या मधल्या भागातील केबली येणाऱ्या-जाणाऱ्यास उघड दिसतात.

उघड्या केबलीस खारा वारा लागतोच. म्हणून तिला संरक्षक नळीचे आवरण लागते. परंतु तिची तपासणी करता येते, आणि वेळ आल्यास ती बदलताही येते. देवालयाचा जीर्णोद्धार वेळीच करावा लागतो, हे आमचे महाजन पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. पुलांच्या बाबतीतही तीच दक्षता आपण सरकारकडे मागितली पाहिजे.