गुलमंडी, आजी आणि द्राक्षासव

फेब्रुवारी संपत आला की गुलमंडीत द्राक्षांच्या हातगाड्या लागतात आणि मी पुण्याहून घरी जायला कारण शोधायला लागतो. यंदा कारण तयार होतं. मला घरी वाईन करायची होती.

घाबरू नका, आधी एकदा केलेली आहे. ऑनसाईटला न्यू जर्सीत होतो तेव्हा, रूम पार्टनरबरोबर. तिथे केंद्राचा कायदा घरच्यापुरती वाईन करू देतो. घरात एक सज्ञान माणूस असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलन. म्हणजे साडेसातशे लिटर! आम्ही केली पाच लिटर. द्राक्षं चुरडली, पाकिटातलं यीस्ट टाकलं, आणि काचेच्या मोठ्या बाटलीला आतला वायू बाहेर जाऊ देणारी पण बाहेरची हवा आत न घेणारी झडप लावली. दुसऱ्या दिवशी बुडबुडे सुरू! यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. बस्स, एवढंच. आपला कोड चालेल की नाही याची कधी खात्री नसते, हे मात्र आपोआप चालतं. (पुढे झडप सैल राहिली, हवा आत गेली आणि अर्ध्याचं व्हिनेगर झालं. ते सॅलडवर संपवलं. असो.)

तर यंदा सहा किलो काळी द्राक्षं घेऊन घरी आलो. एक लिटर वाईनला साधारण दीड किलो द्राक्षं लागतात, म्हणजे चार लिटरचा बेत होता. आजीने पिशवी पाहिली.

"अरे, एवढी कशाला?"

"वाईन करतोय, आजी."

मला वाटलं आता प्रवचन होणार. पण ती म्हणाली, "म्हणजे आसवच की. या घरात होत होतं ते. मीच बंद केलं."

आता बोला! पुढे काही सांगेना. "आधी जेवून घे" म्हणाली. म्हणून त्या रात्री मी गच्चीत बसून वाचत राहिलो, आणि माझ्या लक्षात आलं की आपण काही नवीन करत नव्हतो. उलट फार उशिरा आलो होतो.

आमच्या घरापासून दौलताबादचा किल्ला पंधरा-सोळा किलोमीटर. महंमद तुघलकाने १३२७ साली दिल्लीहून राजधानी तिथे हलवली हे शाळेत पाठ केलेलं असतं. त्याच्याच पदरी असलेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दौलताबादला येऊन गेला आणि त्याने लिहून ठेवलं की इथे द्राक्षं आणि डाळिंबं होतात आणि वर्षातून दोनदा फळ देतात. द्राक्षशेतीवरच्या कित्येक लेखांत तो इथे १४३० साली आला असं छापलेलं असतं. एकाने लिहिलं, बाकीच्यांनी कॉपी-पेस्ट केलं! पण तो दिल्लीहून १३४२ मध्ये निघाला आणि १४३० च्या कितीतरी आधी वारला होता. म्हणजे ही बागाईत त्या तारखेपेक्षा जवळजवळ नव्वद वर्षं जुनी.

'वर्षातून दोनदा' हीसुद्धा थाप नाही. युरोपात थंडीत द्राक्षवेल झोपी जातो. आपल्याकडे तशी थंडीच नाही, त्यामुळे तो झोपतच नाही. म्हणून आपला शेतकरी आजही वर्षातून दोनदा छाटणी करतो, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. पीक मात्र एकच घेतो, ते गुलमंडीत फेब्रुवारी-मार्चला पोचतं.

त्याही आधी त्याच किल्ल्याचं नाव देवगिरी होतं आणि तिथे यादवांचा मंत्री हेमाद्री बसत असे. तोच तो हेमाडपंती देवळांवाला हेमाडपंत. त्याने वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर 'आयुर्वेदरसायन' नावाची टीका लिहिली. मूळ ग्रंथाच्या सूत्रस्थानात मद्यांचा एक वर्गच आहे. द्राक्षाचं मद्य त्यात आहे, खजुराचं आहे, गुळाचं आहे. प्रत्येकाचे गुण-दोष दिलेत. आणि पुढे त्याच ग्रंथात मदात्यय, म्हणजे दारूने होणारा आजार आणि त्यावरचे उपचार, यांना वेगळे अध्याय दिले आहेत. 'चांगलं की वाईट' असा प्रश्न त्या वैद्याला पडत नव्हता. किती, कुणाला आणि कधी, एवढाच पडत होता.

मग कायदा वाचला, आणि माझी वाईन त्याच रात्री गच्चीत संपली.

मोरारजी देसाई मुंबई प्रांताचे गृहमंत्री होते तेव्हाचा १९४९ चा दारूबंदीचा कायदा आजही आपल्याकडे लागू आहे. नाव तेवढं बदललं, 'मुंबई'चं 'महाराष्ट्र' झालं. परवान्याशिवाय दारू तयार करणं हा त्यात गुन्हा आहे. विकायला असो की घरी प्यायला, फरक पडत नाही. न्यू जर्सीतला माझा छंद गुलमंडीत गुन्हा होता! मजा म्हणजे हा कायदा झाला तेव्हा आम्ही त्यात नव्हतोच. औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) तेव्हा हैदराबाद राज्यात होतं. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि १९५९ मध्ये दारूबंदीचा कायदा आमच्यापर्यंत पोचला.

मधल्या काळात एक मोठा खटला झाला होता. एफ. एन. बलसारा नावाच्या गृहस्थांनी मुंबई सरकारला कोर्टात खेचलं. व्हिस्की, वाईन, बिअर तर त्यांना हवीच होती, शिवाय ओ-द-कोलोन आणि अल्कोहोल असलेली औषधंही हवी होती. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कायदा बहुतांशी टिकला, पण अल्कोहोल असलेल्या औषधांवरची आणि प्रसाधनांवरची बंदी रद्द झाली. व्हिस्की हरली, औषध जिंकलं. कायद्याची आताची भाषा अशी आहे की मादक पेय म्हणून पिण्याजोगं नसलेलं औषध या बंदीच्या बाहेर.

रसायनशास्त्राला यातलं काही कळत नाही. द्राक्षारिष्टात वरून अल्कोहोल घालत नाहीत, ते आपोआप तयार होतं, साधारण ५ ते १० टक्के. म्हणजे बिअरच्या आसपास किंवा थोडं वर. तीच साखर, तेच यीस्ट. पुढे २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, नाशिककडे वायनरी उभ्या राहिल्या आणि वाईन हे शेतीपूरक उत्पादन झालं. जानेवारी २०२२ मध्ये ती सुपरमार्केटमध्ये ठेवू द्यायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, त्यावर गदारोळ झाला आणि तो निर्णय अडकला. औषध, गुन्हा, उद्योग... बरणीच्या आत काहीच बदललेलं नाही, बदलते ती फक्त वरची चिठ्ठी!

हा सिद्धांत मी सकाळी चहाच्या वेळी मोठ्या रुबाबात आजीला ऐकवला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माळ्यावरून बरणी काढ."

चिनीमातीची, दहा-बारा लिटरची, पिवळट बरणी. आजीचे सासरे वैद्य होते. ती १९५७ मध्ये लग्न होऊन या घरात आली आणि पहिल्या वर्षीच तिच्याकडे हे काम आलं. मनुकांचा काढा करायचा, त्यात गूळ घालायचा, मग धायटीची फुलं, आणि दालचिनी, वेलची, तमालपत्र, नागकेशर, मिरी, पिंपळी, वावडिंग. बरणीला आतून तूप चोळायचं. तोंडाला फडकं बांधून मातीने लिंपायचं आणि महिनाभर धान्याच्या राशीत ठेवायचं. "झालं की नाही ते कसं कळायचं?" मी विचारलं.

"कान लावायचा. आत बोलत असलं तर अजून कच्चं. गप्प झालं की उघडायचं आणि पेटती काडी आत धरायची. विझली तर परत बंद करायचं."

कार्बन डायऑक्साइड! माझी न्यू जर्सीची झडप जे काम करत होती ते ही बाई कानाने करत होती.

"मग बंद का केलंस?"

"धाकट्या भाऊजींमुळे." थोडा वेळ थांबून म्हणाली, "मामंजी रोग्याला दोन चमचे द्यायचे, तेवढंच पाणी घालून, जेवणानंतर. भाऊजी रात्री गडू भरून घ्यायचे. मला ठाऊक होतं. मी बोलले नाही, नवी होते. मामंजी गेल्यावर भाऊजी बाहेरची हातभट्टी प्यायला लागले. चौतिसाव्या वर्षी गेले. दिवस झाले आणि मी बरणी घासून वर ठेवून दिली."

धाकट्या आजोबांचा फोटो आमच्या बैठकीत आहे. ते 'आजारपणात गेले' एवढंच मला आजवर माहीत होतं.

"तुझं चिठ्ठीचं खरं असेल," आजी म्हणाली, "पण मामंजींची चिठ्ठी बरणीवर नव्हती रे. चमच्यावर होती."

माझा रात्रभराचा अभ्यास तिने एका वाक्यात दुरुस्त केला. वाग्भट आणि हेमाद्री तेच सांगत होते, मी ते वाचूनही पुढे गेलो होतो. किती, कुणाला, कधी. कायदा बरणीकडे बघतो, मीही बरणीकडेच बघत होतो. घरात माणूस बुडतो तेव्हा गडू मोजायला कुणी नसतं, आणि ज्या सुनेला दिसतं तिला बोलायची मुभा नसते.

द्राक्षांचं काय केलं विचाराल, तर चुलत भावंडांच्या पोरांनी दोन दिवसांत फस्त केली. बरणी आता खाली आली आहे, आजी तिच्यात लिंबाचं लोणचं घालणार आहे. निघताना मी चौकातल्या औषधाच्या दुकानातून तिला द्राक्षारिष्टाची बाटली आणून दिली. तिने लेबल नीट वाचलं, झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाली, "गूळ जास्त झालाय."

मग स्वयंपाकघरातून चमचा घेऊन आली.