'चॉकलेट' शब्दाची कुळकथा

'चॉकलेट' या शब्दाचा अर्थ विचारला, की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते : मेक्सिकोतील अझ्टेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेतील 'शोकोलात्ल', म्हणजे 'कडू पाणी'. कोशांपासून वेष्टनांवरील मजकुरापर्यंत हे उत्तर रूढ झाले आहे. भाषाशास्त्राच्या कसोटीवर मात्र ते फारसे टिकत नाही.

त्यातील 'आत्ल' म्हणजे पाणी, हा भाग खरा. अडचण पूर्वार्धाची आहे. नाहुआत्लमध्ये 'शोकोक' म्हणजे आंबट. कडू या अर्थाचा नेहमीचा शब्द 'चिचिक' असा वेगळाच आहे. शिवाय 'शोकोक' आणि 'आत्ल' यांचा संयोग झाला तर 'शोकोआत्ल' होईल. मधला 'ल' कोठून आला, याचा उलगडा होत नाही. 'श'चा 'च' का व्हावा, हाही प्रश्न उरतोच. सोळाव्या शतकातील स्पॅनिश भाषेत 'श' हा उच्चार होता. 'मेक्सिको' हे नावही त्या काळी 'मेशिको' असेच उच्चारले जाई. तेव्हा स्पॅनिश जिभेला 'श' जड गेला, असे म्हणण्यास जागा नाही.

सर्वांत मोठी अडचण पुराव्याची. १५२१ मध्ये अझ्टेक राजधानी स्पॅनिशांच्या हाती पडली. त्यानंतर आलोन्सो दे मोलिना या धर्मोपदेशकाने नाहुआत्लचा शब्दकोश सिद्ध केला (१५५५, विस्तारित आवृत्ती १५७१). त्यात हा शब्दच नाही. कोकोच्या बीला 'काकावात्ल' म्हणत आणि पेयाचे नावही त्यावरूनच साधलेले असे. 'चोकोलात्ल' हे रूप आढळते ते १५७० च्या दशकात मेक्सिकोत संशोधन करणाऱ्या फ्रान्सिस्को एर्नांदेस या राजवैद्याच्या लिखाणात. कोको आणि सावरीच्या जातीच्या 'पोचोत्ल' वृक्षाच्या बिया समभाग घेऊन केलेल्या पेयाला त्याने हे नाव दिले आहे.

मग हा शब्द आला कोठून? थॉमस गेज या इंग्रज प्रवाशाने १६४८ मध्ये मोठी गमतीची उपपत्ती दिली : पेय घुसळताना 'चोको चोको' असा आवाज होतो, म्हणून चॉकलेट! मेक्सिकोचे अभ्यासक इग्नासियो दाविला गारिबी यांच्या मते माया भाषेतील 'चोकोल' (गरम) आणि नाहुआत्ल 'आत्ल' यांची स्पॅनिशांनी घातलेली ही सांगड होय. अझ्टेक लोक हे पेय थंड घेत, तर स्पॅनिशांना ते गरम आवडे. त्यामुळे या मताला काहीसे बळ मिळते. अधिक विचारार्ह मत कारेन डाकिन आणि सोरेन विखमन यांनी २००० मध्ये मांडले. आजही काही नाहुआत्ल बोलींत 'चिकोलात्ल' असे रूप आहे. ते पेय ढवळण्याच्या काठीवरून आले असावे, असे ते सुचवतात. म्हणजे आपल्याकडे रवीवरून ताकाला नाव पडावे, तसाच हा प्रकार. वाद मिटलेला नाही; पण 'कडू पाणी'पेक्षा ही वाट अधिक पायाशुद्ध आहे.

'काकाव' या शब्दाचे कूळ याहून पुष्कळ जुने. ग्वाटेमालातील रिओ आसुल येथे सापडलेल्या, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या माया भांड्यावर तो चित्रलिपीत रंगवलेला आहे आणि आतील अवशेषांत कोकोचा अंश आढळला आहे. नाहुआत्लमध्ये शेंगदाण्याला 'त्लालकाकावात्ल', म्हणजे 'भुईतला कोको' म्हणत. मराठीने मुगाला भुई जोडून 'भुईमूग' केला, त्याचीच ही दूरदेशीची बहीण! 'टोमॅटो' हाही त्याच भाषेतून स्पॅनिशमार्गे जगभर गेलेला शब्द. कार्ल लिनियसने १७५३ मध्ये कोकोच्या झाडाला दिलेल्या शास्त्रीय नावातील 'थिओब्रोमा' मात्र ग्रीक आहे. त्याचा अर्थ 'देवांचे अन्न'.

शब्दाबरोबर वस्तूही बदलली. सुमारे तीनशे वर्षे युरोपात चॉकलेट म्हणजे प्यायचा पदार्थ. ब्रिस्टल येथील फ्राय कंपनीने १८४७ मध्ये खाण्याची वडी बनवल्यानंतर हळूहळू घनरूप हाच मुख्य अर्थ झाला आणि पेयाला 'हॉट' हे विशेषण जोडावे लागले. मराठीने तर आणखी मोकळीक घेतली. कोकोचा कणही नसलेली संत्र्याच्या स्वादाची गोळी मुलांच्या लेखी 'चॉकलेट'च असते, आणि बदामी, अंजिरी यांच्या पंगतीत 'चॉकलेटी' हा रंगही केव्हाच जाऊन बसला आहे.