पिचरची थोरवी मोजायची कशी?

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाऊन या लहानशा गावात बेसबॉलचे 'हॉल ऑफ फेम' आहे. १९३६ साली पहिले पाच मानकरी निवडले गेले. त्यात ख्रिस्टी मॅथ्यूसन आणि वॉल्टर जॉन्सन हे दोन पिचर होते. परंतु कारकीर्दीत ५११ विजय मिळवणाऱ्या सी यंगला त्या वर्षी पुरेशी मते पडली नाहीत. त्याला १९३७ पर्यंत थांबावे लागले. पिचरांच्या निवडीवरून होणारा वाद हा असा या संस्थेइतकाच जुना आहे.

निवडीचा अधिकार मुख्यत्वे बेसबॉल लेखक संघटनेच्या ज्येष्ठ सदस्यांकडे असतो. निवृत्तीनंतर पाच वर्षांनी खेळाडूचे नाव मतपत्रिकेवर येते. ७५ टक्के मते मिळाली तर प्रवेश. पाच टक्क्यांहून कमी पडली तर नाव मतपत्रिकेवरून कायमचे बाद. नाव टिकण्याची मुदत पूर्वी १५ वर्षे होती, २०१४ मध्ये ती दहावर आणण्यात आली. त्यानंतर उरतो तो छोट्या निवड समितीचा मार्ग.

वादाचे मूळ आहे 'विजय' या संकल्पनेत. क्रिकेटमध्ये बळी गोलंदाजाचे असतात, विजय संघाचा असतो. बेसबॉलमध्ये मात्र विजयही पिचरच्या खात्यावर लिहिला जातो. सामन्याची सुरुवात करणाऱ्या पिचरने किमान पाच डाव टाकले, तो बाहेर पडताना संघ आघाडीवर असला आणि ती आघाडी अखेरपर्यंत टिकली, की विजय त्याचा. स्वतःच्या संघाने धावाच केल्या नाहीत, तर त्याची सारी मेहनत पाण्यात! तरीही ३०० विजय ही अनेक दशके हॉल ऑफ फेमची हमी मानली गेली. हा टप्पा आजवर अवघ्या २४ पिचरांनी गाठला असून, २००९ मध्ये तेथे पोहोचलेला रँडी जॉन्सन हा त्यातला शेवटचा.

या मोजपट्टीचा सर्वात मोठा फटका बसला तो बर्ट ब्लायलेव्हनला. त्याचे विजय २८७, म्हणजे तेरा कमी. निवृत्तीच्या वेळी ३७०१ स्ट्राइकआउटसह तो सर्वकालीन यादीत तिसरा होता, तरी १९९८ मध्ये त्याला जेमतेम १७.५ टक्के मते मिळाली. पुढे आकडेशास्त्राच्या अभ्यासकांनी त्याची बाजू चिकाटीने लावून धरली आणि २०११ मध्ये, चौदाव्या प्रयत्नात, तो ७९.७ टक्क्यांनी निवडला गेला. याच काळात जॅक मॉरिसचे समर्थक आकड्यांपेक्षा आठवणींवर विसंबून होते. १९९१ च्या वर्ल्ड सीरिजच्या सातव्या सामन्यात त्याने दहा डावांत एकही धाव दिली नव्हती! पण कारकीर्दीत दर नऊ डावांमागे त्याने सरासरी ३.९० धावा दिल्या. लेखकांनी पंधरा वर्षे त्याला नाकारले. २०१७ च्या अखेरीस समितीने आत घेतले.

दुसरा प्रश्न असा की, दीर्घ कारकीर्द श्रेष्ठ की अल्पकाळाचे तेज? सँडी कोफॅक्सचे विजय केवळ १६५. कोपराच्या दुखण्यामुळे १९६६ मध्ये तो तिसाव्या वर्षी निवृत्त झाला. छत्तिसाव्या वर्षी त्याची निवड झाली आणि आजही तो सर्वात कमी वयाचा मानकरी आहे. योहान सांतानाने २००४ आणि २००६ मध्ये एकमताने सी यंग पुरस्कार जिंकला. खांद्याच्या दुखापतींनी त्याची कारकीर्द १३९ विजयांवर थांबली आणि २०१८ मध्ये त्याला २.४ टक्के मते मिळाली. कोफॅक्सच्या बहराच्या काळात पिचरचा उंचवटा अधिक उंच होता, धावा एकूणच कमी होत. सांताना खेळला तो फलंदाजांच्या सुगीत. हा फरक ध्यानी घेता, पहिल्याच फेरीत त्याला बाद करणे हा अन्यायच होता.

रॉजर क्लेमेन्सची कथा वेगळी. ३५४ विजय आणि विक्रमी सात सी यंग पुरस्कार असूनही, २००७ च्या मिचेल अहवालातील उत्तेजकांच्या आरोपांमुळे तो बाहेर आहे. त्याने आरोप सतत नाकारले. शपथेवर खोटे बोलल्याच्या खटल्यातून २०१२ मध्ये तो निर्दोष सुटला. तरी २०२२ च्या अखेरच्या मतदानात त्याची मते ६५.२ टक्क्यांवरच अडली. नियमांत सचोटी व चारित्र्याचा उल्लेख आहे, हे खरे. पण चेंडूला बंदी असलेले ओलसर पदार्थ लावत असल्याचे खेळत असतानाच, १९७४ मध्ये, पुस्तकातून सांगणारा गेलॉर्ड पेरी १९९१ पासून आत आहे!

आता सुरुवातीचे पिचर पाच-सहा डावांतच बाहेर पडतात, त्यामुळे ३०० विजय जवळजवळ अशक्य झाले आहेत. मतदारांनाही हे उमगू लागले असावे. २०१० मध्ये अवघ्या १३ विजयांवर सी यंग पुरस्कार मिळवणाऱ्या फेलिक्स हर्नांडेझचे एकूण विजय १६९ आहेत. २०२५ मध्ये त्याला २०.६ टक्के मते मिळाली आणि २०२६ मध्ये ती दुपटीहून अधिक झाली. सांतानाचे नाव मात्र लेखकांच्या मतपत्रिकेवर पुन्हा येणार नाही. त्याच्यासाठी दार उघडलेच, तर ते समितीच उघडू शकेल.