छंदाची सुरी आणि जन्माची ऐरण

युरोप-अमेरिकेत आज शिक्षक, डॉक्टर, संगणक अभियंते अशी कितीतरी माणसे सुट्टीच्या दिवशी घरामागे छोटी भट्टी पेटवतात आणि लोहारकाम करतात. पोटासाठी नव्हे, हौसेसाठी. लाकूड कोरायची लहान सुरी हे त्यांचे एक आवडते काम. सहा ते आठ सेंटिमीटरचे पाते आणि लाकडी मूठ, एवढाच तो ऐवज. अशा सुरीचा इतिहास आंबेडकरी तरुणांनी का वाचावा? कारण हातातले काम माणसाने स्वतः निवडले की ते त्याच्यावर लादले गेले, हा आपला जुना प्रश्न या इतिहासात पदोपदी भेटतो.

आधी सुरी बनते कशी ते पाहू. चांगल्या पोलादाची, झिजलेली जुनी कानस घेतात. कानस फार कडक असते. म्हणून ती लाल होईपर्यंत तापवून राखेत हळूहळू थंड करतात, म्हणजे मऊ पडते. मग पुन्हा तापवून ऐरणीवर हातोड्याने पात्याचा आकार काढतात आणि घासून धारेची बाजू उतरती करतात. पुढचे काम सगळ्यात नाजूक, ते म्हणजे पाणी देणे. लोहचुंबक चिकटेनासे होईपर्यंत पाते तापवायचे आणि लगेच तेलात बुडवायचे. आता ते इतके कडक होते की दगडावर पडले तर काचेसारखे तुटू शकते. म्हणून साधारण २०० अंश सेल्सिअसला, वाळल्या गवतासारखा पिवळा रंग चढेपर्यंत ते पुन्हा शेकतात. कडकपणा थोडा उतरतो आणि चिवटपणा येतो. शेवटी मूठ बसवून धार लावतात. या कामाला रंग ओळखणारा डोळा लागतो, घाव मोजणारा हात लागतो आणि धातूचे ज्ञान लागते. तरीही हातकामाला बुद्धी लागत नाही, असे आपल्या समाजाला पिढ्यान् पिढ्या शिकवले गेले.

आता इतिहासाकडे वळू. अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये जेम्स पेनिंग्टन हे गुलाम म्हणून जन्मले आणि मालकाच्या मर्जीने लोहार झाले. १८२७ मध्ये ते पळाले आणि पुढे धर्मोपदेशक व गुलामीविरोधी चळवळीतले नेते झाले. येल विद्यापीठाने त्यांना रीतसर प्रवेश दिला नाही. वर्गात बसून ऐकण्यापुरतीच मुभा होती. १८४९ मध्ये लंडनमध्ये त्यांचे ‘द फ्युजिटिव्ह ब्लॅकस्मिथ’ हे आत्मकथन प्रसिद्ध झाले. त्यात ते सांगतात की लोहारकामातली नाजूक कामे करून पाहण्याचा त्यांना नाद होता. खिशातल्या लहान चाकूंना पाती बसवणे, नक्षीदार हातोड्या बनवणे, अशी ती कामे होती. त्याच ठिकाणी त्यांनी एक कठोर सत्य नोंदवले आहे. आपल्या कारागिरीचा हा अभिमानच आपल्याला इतकी वर्षे गुलामीत रमवून ठेवणारी एक गोष्ट होती, असे ते म्हणतात. मालकाने वडिलांना डोळ्यांदेखत फटके मारले आणि त्या अभिमानाची भूल उतरली.

मित्रांनो, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. काम सुंदर असू शकते, करणाऱ्याचा जीव त्यात रमू शकतो, आणि तरीही ते बेडीच असू शकते. ‘आमच्याकडचे कारागीर आपल्या कलेत सुखी होते’ असे सांगणाऱ्यांना पेनिंग्टन यांनी १८४९ मध्येच उत्तर देऊन ठेवले आहे.

हीच लहान सुरी एकोणिसाव्या शतकात स्वीडनमध्ये शाळेत गेली. तिथे शेतकरी घरोघरी लाकडाच्या वस्तू करीत. त्या हातकामाला ‘स्लॉइड’ म्हणतात. कारखान्यांचा माल आला आणि ही कला मागे पडू लागली. शेजारच्या फिनलंडमध्ये उनो सिग्नेयस यांनी हातकाम शाळेच्या अभ्यासात आणले होते. त्यांच्यापासून प्रेरणा घेऊन ओटो सालोमन यांनी नेस या ठिकाणी १८७० च्या दशकात शिक्षकांसाठी प्रशिक्षण सुरू केले. अनेक देशांतून शिक्षक आणि शिक्षिका तिथे येत. सालोमन यांच्या पद्धतीत मुलाच्या हाती पहिले हत्यार येई ते सुरीच. त्यांनी एक गोष्ट स्पष्ट ठेवली होती. मुलांना सुतार बनवणे हा हेतू नाही. हात, डोळा आणि बुद्धी एकत्र वाढावी, स्वावलंबन यावे आणि अंगमेहनतीचा आदर वाटावा, यासाठी हे शिक्षण आहे. पुढे वकील होणाऱ्या मुलानेही सुरी धरायची आणि शेतमजुराच्या मुलानेही.

याच्या उलट आपल्या देशात काय झाले? १९५३ मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शिक्षणाची नवी योजना आणली. मुलांनी शाळेत कमी तास बसावे आणि उरलेल्या वेळात घरचा धंदा शिकावा, अशी ती योजना. म्हणजे लोहाराच्या मुलाने भाता ओढायचा, कुंभाराच्या मुलाने चाक फिरवायचे. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला ‘कुलशिक्षण’ म्हणून कडाडून विरोध केला. १९५४ मध्ये राजाजींना पद सोडावे लागले आणि कामराज यांनी योजना रद्द केली. हातकाम स्वीडनच्या शाळेतही होते आणि मद्रासच्या योजनेतही. पण तिथे ते सगळ्या मुलांसाठी होते आणि इथे ज्याच्या त्याच्या जातीसाठी. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये नेमके हेच दाखवले आहे. जात ही श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांची विभागणी आहे. माणसाच्या आवडीला आणि क्षमतेला तिथे जागाच नाही.

आता हौशी लोहारांकडे परत येऊ. अमेरिकेत १९७० च्या दशकात ही हौस जोर धरू लागली. १९७३ मध्ये तिथे लोहारकाम करणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी अलेक्झांडर वायगर्स यांचे ‘द मेकिंग ऑफ टूल्स’ हे पुस्तक आले. वायगर्स जावा बेटावर डच कुटुंबात जन्मले, इंजिनिअर झाले आणि पुढे शिल्पकार. कॅलिफोर्नियात ते भंगारातल्या पोलादापासून कोरीवकामाची हत्यारे बनवायला शिकवत. मोटारीच्या मोडक्या स्प्रिंगही त्यांना चालत. त्यांच्या कौशल्याबद्दल शंका नाही. पण क्रम पाहा. आधी शिक्षण, मग व्यवसाय, आणि त्यानंतर आवडीने पेटवलेली भट्टी. ऐरण सोडून जायचे दार त्यांना कायम उघडे होते.

महाराष्ट्रात घिसाडी समाजही मोटारीच्या मोडक्या कमानपाट्यांपासून विळे, खुरपी, कुऱ्हाडी बनवत आला आहे. रस्त्याकडेला पाल, जमिनीत रोवलेली ऐरण, पुरुष सांडशीने लोखंड धरतो आणि बाई घण मारते. हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिले आहे. पोलाद तेच, विस्तव तोच, पाणी देण्याचे ज्ञानही तेच. वायगर्स यांच्या ज्ञानाचे पुस्तक झाले, घिसाड्याच्या ज्ञानाची जात झाली. विळ्याचा भाव पाडताना आपण त्या ज्ञानाची किंमत कधी धरली का?

यावर ‘परंपरागत कला जपा’ हे उत्तर आम्हाला मान्य नाही. २०२३ मध्ये आलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत आणि लोहारकाम त्यात आहे. कुटुंबाचा परंपरागत धंदा असण्याच्या अटीवर तामिळनाडू सरकारने आक्षेप घेतला आणि आहे त्या स्वरूपात योजना राबवायला नकार दिला. १९५३ चा अनुभव असलेल्या राज्याने हा प्रश्न विचारावा, यात नवल नाही. कारागिराला कर्ज, अवजारे आणि प्रशिक्षण जरूर मिळाले पाहिजे. पण ते ‘तुझा बाप कोण होता’ हे विचारून नव्हे.

आमची मागणी साधी आहे. घिसाड्याच्या पोरीला डॉक्टर होता आले पाहिजे आणि डॉक्टरच्या पोराला शाळेत हातोडा धरता आला पाहिजे. प्रत्येक शाळेत सगळ्या मुलांसाठी कार्यशाळा असावी. आणि आपल्या तरुणांना आम्ही एवढेच सांगू की लादलेले काम नाकारणे हा आपल्या लढ्याचा वारसा आहे, हातकामाची लाज बाळगणे हा नाही. शिकून, नोकरी करून, एखाद्याला रविवारी भट्टी पेटवून लहान सुरी घडवावीशी वाटली तर त्याने खुशाल घडवावी. ज्या समाजाला काम निवडण्याचा हक्कच नव्हता, त्याच्या मुलाने आवडीने हातोडा उचलणे ही छोटी गोष्ट नाही.

जय भीम!