डर्बन ते वर्धा : एका परदेशस्थ कुटुंबाचा शाळेचा प्रश्न

वर्धा शहर आणि त्याच्या भोवतालची पिपरी मेघे, नालवाडी, पवनार, सेवाग्राम ही गावे मिळून जो लहानसा टापू होतो, त्याचे नाव भारतीय शिक्षणाच्या इतिहासात एका योजनेशी कायमचे जोडले गेले आहे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यास मारवाडी शिक्षण मंडळाच्या विद्यालयात भरलेल्या परिषदेने सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि हस्तोद्योग हे शिक्षणाचे केंद्र, ही तत्त्वे मान्य केली व डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. ‘वर्धा योजना’ किंवा ‘नयी तालीम’ ती हीच. तिचा उगम सांगताना पेस्टालॉझी, ड्यूई, रस्किन, टॉल्स्टॉय अशी विचारवंतांची मालिका दाखविण्याचा प्रघात आहे. या मालिकेत तथ्य नाही असे नव्हे. तथापि तिच्यामुळे एक साधी गोष्ट दृष्टीआड होते. या योजनेचा प्रवर्तक शिक्षणाकडे प्रथम वळला तो तत्त्वचिंतक म्हणून नव्हे. परक्या देशात राहणारा एक बाप आपल्या मुलांना कोणत्या शाळेत घालावे या विवंचनेत पडला होता, तेथून हा विचार सुरू झाला. ती विवंचना व तिचे परिणाम यांचा मागोवा घेतल्यास वर्धा योजनेचे बळ आणि तिचे उणेपण या दोहोंवरही वेगळा प्रकाश पडतो.

१३ जानेवारी १८९७ रोजी गांधीजी डर्बन बंदरात ‘कोर्लंड’ जहाजावरून उतरले, तेव्हा त्यांच्याबरोबर कस्तुरबा, हरिलाल व मणिलाल हे दोन पुत्र आणि बहिणीचा मुलगा गोकुळदास अशी मंडळी होती. भाचा दहा वर्षांचा, थोरला मुलगा नऊ वर्षांचा व धाकटा पाचाच्या आतबाहेर. गोऱ्या वसाहतवाल्यांच्या जमावाने गांधीजींना रस्त्यात मारहाण केली ती त्याच दिवशी. मुले आईबरोबर आधीच पारशी रुस्तमजी यांच्या घरी पोहोचली होती. शाळेचा प्रश्न उभा राहिला तो अशा वातावरणात.

नाताळमध्ये हिंदी लोकांची वस्ती १८६० पासूनची. नोव्हेंबर १८६० मध्ये गिरमिटिया मजुरांचे पहिले जहाज तेथे लागले. पुढे स्वखर्चाने गेलेले व्यापारी त्यांत मिसळले. त्यांच्या मुलांसाठी ज्या शाळा होत्या, त्या प्रायः ख्रिस्ती मिशनांनी चालविलेल्या व प्राथमिक स्वरूपाच्या. सरकारी शाळा मूलतः गोऱ्यांच्या मुलांसाठी होत्या. सुस्थितीतील हिंदी कुटुंबापुढे त्यामुळे मोजकेच मार्ग उरत : मेहेरबानी म्हणून गोऱ्यांच्या शाळेत प्रवेश मिळवावा, मिशनची शाळा पत्करावी, किंवा मुलांना हिंदुस्थानात ठेवावे. अनेक व्यापाऱ्यांनी तिसरा मार्ग स्वीकारला. दुकान आफ्रिकेत आणि बिऱ्हाड काठेवाडात किंवा सुरतेकडे, ही त्यांची रीतच होती.

गांधीजींच्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत अपवाद म्हणून प्रवेश मिळू शकला असता, असे ते आत्मकथेत स्वतः नमूद करतात. तो त्यांनी घेतला नाही, कारण जे इतर हिंदी मुलांना मिळत नव्हते ते आपल्या मुलांसाठी कृपा म्हणून घेणे त्यांना मानवले नाही. मिशनच्या शाळांतील शिक्षण व तेथील इंग्रजी माध्यम त्यांना पसंत नव्हते. तेव्हा त्यांनी घरीच गुजरातीतून शिकवावयास आरंभ केला. पण वकिली व सार्वजनिक काम यांतून वेळ निघेना. मग महिना सात पौंडांवर एक इंग्रज शिक्षिका नेमली. तीही व्यवस्था समाधानकारक ठरली नाही. पुढे भाच्याला व थोरल्या मुलाला काही महिने हिंदुस्थानातील वसतिगृहयुक्त शाळांत ठेवून पाहिले व परत बोलाविले.

येथे आधाराविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. आत्मकथेची प्रकरणे १९२५ ते १९२९ या काळात ‘नवजीवन’मधून प्रसिद्ध झाली, म्हणजे डर्बनच्या घटनेनंतर सुमारे तीस वर्षांनी, आणि मध्यंतरी, १९२० मध्ये, सरकारी शाळा-महाविद्यालयांवर बहिष्कार घालण्याचे आवाहन त्याच लेखकाने देशभर केले होते. आपल्या जुन्या निर्णयाकडे तो या बहिष्काराच्या प्रकाशात पाहतो, हे त्या प्रकरणावरून स्पष्ट दिसते. परंतु ज्याने शाळेचा तत्त्वतः त्याग केला आहे, तो इंग्रज शिक्षिका नेमीत नाही, आणि समुद्रापलीकडील वसतिगृहाचा प्रयोगही करून पाहत नाही. १८९७ मधील गांधीजी शाळेचे विरोधक नव्हते. मनाजोगी शाळा न मिळालेले पालक होते. विरोध मागाहून आला. अनुभवाचे सिद्धान्तात रूपांतर होण्यास दहा-बारा वर्षे लागली, आणि त्या काळात मुलांचे वय मात्र थांबून राहिले नाही.

दरम्यान डर्बनमधील परिस्थिती अधिकच आवळत गेली. १८९९ च्या सुमारास नाताळ सरकारने हिंदी मुलांसाठी डर्बनमध्ये स्वतंत्र वरच्या दर्जाची शाळा काढली आणि गोऱ्यांच्या शाळांतील अपवादाची वाट बंद केली. व्यक्तीला दिलेली मेहेरबानी जातीच्या नावे केव्हाही काढून घेता येते, हे यावरून दिसून आले. मेहेरबानी नाकारण्यातील गांधीजींचे धोरण निदान या एका बाबतीत दूरदर्शी होते, असे म्हणावे लागते.

कुटुंब १९०१ मध्ये स्वदेशी परतले. गांधीजी १९०२ च्या अखेरीस पुन्हा आफ्रिकेत गेले. १९०४ च्या सुमारास कस्तुरबा धाकट्या मुलांसह त्यांच्याकडे आल्या, हरिलाल शिक्षणासाठी मागे राहिले. जोहान्सबर्गच्या घरात हेन्री पोलक यांच्याशी भाषेवरून जो वाद वारंवार होई, तो आजच्या वाचकालाही ओळखीचा वाटेल. मुले लहानपणापासून इंग्रजी बोलू लागली तर जगाच्या शर्यतीत त्यांना सहज पुढे जाता येईल, असे पोलक यांचे म्हणणे. तर जे आईबाप मुलांना बालपणापासून इंग्रजीतून विचार करावयास लावतात, ते मुलांना त्यांच्या समाजाच्या आध्यात्मिक व सामाजिक वारशास मुकवितात, असे गांधीजींचे. घरात गुजरातीच चालली. मुलांना इंग्रजीही पुढे आलेच, याचे श्रेय गांधीजी त्या देशातील रोजच्या व्यवहाराला देतात.

डिसेंबर १९०४ पासून फीनिक्सच्या शंभर एकरांच्या वसाहतीत आणि १९१० पासून हर्मन कॅलनबाख यांनी दिलेल्या टॉल्स्टॉय फार्मवर या गृहशिक्षणाला शाळेचे रूप आले. टॉल्स्टॉय फार्म हे सत्याग्रही कैद्यांच्या कुटुंबांसाठी उभारलेले, सुमारे अकराशे एकरांचे ठिकाण. तेथे नोकर नव्हते. स्वयंपाकापासून भंगीकामापर्यंत सर्व काही रहिवाशांनीच करावयाचे, व मुलांनीही त्यात हात घालावयाचा. कॅलनबाख ट्रॅपिस्ट साधूंच्या मठात जाऊन चपला बांधावयास शिकून आले. त्यांच्याकडून गांधीजी व त्यांच्याकडून मुले शिकली. सुतारकाम होतेच. सकाळ शेतात व घरकामात गेल्यावर दुपारी जेवणानंतर फार तर तीन तासिका पुस्तकी शिक्षणाच्या. त्या वेळी शिक्षक व विद्यार्थी दोघांच्याही डोळ्यांवर झापड येई, हे गांधीजींनी लपविलेले नाही. हिंदी, तामिळ, गुजराती, उर्दू अशा भाषांची मुले एकत्र. प्रत्येकाला त्याच्या भाषेतून काही तरी शिकवावयाचे, आणि शिक्षकाला तामिळ व उर्दू बेताचीच. पाठ्यपुस्तकांची उणीव त्यांना जाणवली नाही. विद्यार्थ्यांना ती जाणवली किंवा कसे, याची नोंद अर्थातच शिक्षकाच्या लिखाणात सापडावयाची नाही.

सुदैवाने दुसरी बाजू सर्वस्वी मुकी नाही. मार्च १९०९ मध्ये प्रिटोरियाच्या तुरुंगातून मणिलाल यांना लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात अक्षरज्ञान म्हणजे शिक्षण नव्हे, चारित्र्य व कर्तव्याचे ज्ञान हेच शिक्षण, असे गांधीजी समजावितात. आणि आपले शिक्षण होत नाही ही सोळा वर्षांच्या मुलाची रुखरुख त्या समजावणीच्या मागे दिसते. हरिलाल यांची गोष्ट अधिक तीव्र आहे. ते १९०६ च्या सुमारास आफ्रिकेत आले. ट्रान्सवालच्या सत्याग्रहात १९०८ पासून त्यांनी वारंवार तुरुंगवास भोगला, आणि निष्ठेच्या कसोटीला ते पूर्णपणे उतरले होते. रंगूनचे डॉ. प्राणजीवन मेहता यांनी गांधीजींच्या एखाद्या मुलाला विलायतेत शिकविण्याचा खर्च देऊ केला, तेव्हा गांधीजींनी आपल्या मुलांऐवजी चुलत घराण्यातील छगनलाल गांधी यांची निवड केली. छगनलाल प्रकृतीमुळे परतल्यावर पुढे सोराबजी अडाजानिया यांस पाठविण्यात आले. स्वतः इनर टेंपलमधून बॅरिस्टर झालेल्या पित्याचा हा निर्णय थोरल्या मुलाला कसा वाटला असेल, हे सांगावयास नको. मे १९११ मध्ये हरिलाल घर सोडून निघाले. समजुतीच्या बोलण्यानंतर पित्याने त्यांना जाऊ दिले, व ते अहमदाबादेस शाळेत दाखल झाले. त्या वेळी ते तेवीस वर्षांचे, विवाहित व मुलांचे बाप होते. मॅट्रिकची परीक्षा त्यांना अखेरपर्यंत उत्तीर्ण होता आले नाही. १९१५ मध्ये त्यांनी पित्याला उद्देशून लिहिलेले पत्र छापून वाटले; त्यातील गाऱ्हाण्यांच्या मुळाशी शिक्षणाची हुकलेली संधी आहे.

या प्रकरणाची चर्चा बहुधा पिता-पुत्रांच्या स्वभावभेदाच्या अंगाने केली जाते. शिक्षणाच्या इतिहासाला त्यातील दुसरा भाग महत्त्वाचा आहे. अपवाद म्हणून मिळणारी सवलत नाकारावयाची हे तत्त्व एकच; परंतु डर्बनच्या शाळेच्या बाबतीत त्याने वर्णभेदाला नकार दिला, तर विलायतेच्या शिष्यवृत्तीच्या बाबतीत तेच तत्त्व मुलाच्या न्याय्य आकांक्षेवर आघात करणारे ठरले. आपल्या मुलांनी या शिक्षणाविषयी तक्रार केली आहे, हे आत्मकथा कबूल करते. स्वातंत्र्याचा जो पदार्थपाठ त्यांना मिळाला तो शाळेत मिळाला नसता, असे तिचे उत्तर आहे. उत्तर प्रामाणिक आहे; पण ते मुलांच्या प्रश्नाचे उत्तर नाही. मुलांना हवे होते ते ज्ञान जितके, तितकेच त्या ज्ञानाची जगाने दिलेली पावती. परदेशस्थ कुटुंबातील मुलाला या पावतीची निकड अधिक असते, कारण कोणत्या देशात आयुष्य काढावे लागेल हे त्याच्या हाती नसते.

फीनिक्सपासून वर्ध्यापर्यंतचा धागा व्यक्तींच्या रूपानेही दाखविता येतो. १९१४ मध्ये फीनिक्सची मुले मगनलाल गांधी यांच्याबरोबर हिंदुस्थानात आली व प्रथम कांगडी गुरुकुलात आणि नंतर शांतिनिकेतनात राहिली. तेथे काका कालेलकर या मंडळींत मिसळून गेले होते. याच कालेलकरांचे नाव १९३७ च्या झाकिर हुसेन समितीच्या सदस्यांत, विनोबा भावे, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा यांच्या बरोबरीने आढळते. आणि १९३४ मध्ये वर्ध्यास ग्रामोद्योग संघाचे जे केंद्र झाले, ते मगनलालांच्या स्मरणार्थ ‘मगनवाडी’ म्हणून ओळखले जाते. समितीचे निमंत्रक ई. डब्ल्यू. आर्यनायकम् हे मूळचे सिलोनमधील जाफन्याचे, हाही एक योगच.

२ डिसेंबर १९३७ च्या अहवालातील वेळापत्रक टॉल्स्टॉय फार्मच्या दिनक्रमाशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. शाळेच्या साडेपाच तासांपैकी तीन तास वीस मिनिटे मूलोद्योगाला, मातृभाषेला चाळीस मिनिटे, समाजशास्त्र व सामान्य विज्ञान यांना तीस मिनिटे. इंग्रजीला स्थान नाही. गांधीजींच्या मते हे शिक्षण इंग्रजी वजा जाता मॅट्रिकच्या तोडीचे व्हावयाचे होते. मात्र टॉल्स्टॉय फार्मवर उद्योग हा जीवनक्रमाचा भाग होता, अध्यापनाचे साधन नव्हे. विषय उद्योगाशी जोडून शिकविण्याची कल्पना वर्ध्याची. शाळा उद्योगाच्या उत्पन्नावर चालावी या अपेक्षेविषयी खुद्द झाकिर हुसेन यांनी परिषदेत साशंकता व्यक्त केली होती, हे विसरता कामा नये.

हरिलाल यांचा प्रश्न मात्र योजनेबरोबर वर्ध्यास आला, असे म्हणता येईल. चौदाव्या वर्षानंतर पुढे काय? जानेवारी १९४५ च्या सेवाग्राम परिषदेने नयी तालीमची व्याप्ती पूर्व-बुनियादीपासून उत्तर-बुनियादी व प्रौढ शिक्षणापर्यंत वाढविली, आणि सेवाग्रामला उत्तर-बुनियादीचे वर्गही निघाले. परंतु त्या वर्गांतून बाहेर पडणाऱ्या मुलास विद्यापीठाचे दार उघडण्यास मॅट्रिकच्या दाखल्याचीच किल्ली लागे. मार्जरी साइक्स यांच्यासारख्या इंग्रज विदुषीने सेवाग्रामात शिक्षक घडविण्याचे काम १९५९ पर्यंत निष्ठेने केले, तरी दाखल्याची ही अडचण शिक्षकांच्या गुणवत्तेने सुटणारी नव्हती.

जगात इतरत्र हाच प्रश्न अगदी उलट बाजूने सोडविण्यात आला. राष्ट्रसंघ व आंतरराष्ट्रीय मजूर कचेरी यांमुळे जिनिव्हात जमलेल्या नानादेशीय कुटुंबांच्या मुलांसाठी तेथील आंतरराष्ट्रीय शाळा १९२४ मध्ये निघाली. तिच्या शिक्षकांपुढेही भाषा, संस्कार आणि दाखला याच तीन अडचणी होत्या. त्यांपैकी दाखल्याची अडचण त्यांना सर्वांत जाचक वाटली आणि त्या खटपटीतून १९६८ मध्ये आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएट ही अनेक देशांतील विद्यापीठांना मान्य होणारी परीक्षा जन्मास आली. भारतात ती १९७६ मध्ये कोडईकनालच्या शाळेने प्रथम स्वीकारली. ती शाळाही अमेरिकन मिशनऱ्यांनी १९०१ मध्ये, परक्या देशात वाढणाऱ्या आपल्या मुलांसाठीच काढलेली होती.

खुद्द डर्बनमधील हिंदी समाजाने कोणता मार्ग धरला, हेही पाहण्याजोगे आहे. हिंदुस्थान सरकारचे तेथील प्रतिनिधी व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांच्या पुढाकाराने व समाजाच्या वर्गणीतून १९२९ मध्ये तेथे शास्त्री कॉलेज उभे राहिले : हिंदी मुलांसाठी माध्यमिक शाळा व शिक्षक-प्रशिक्षणाची संस्था, इंग्रजी माध्यमाची आणि रीतसर परीक्षांची. त्या वेळी जवळच फीनिक्सला मणिलाल गांधी ‘इंडियन ओपिनियन’ चालवीत होते. ज्यांनी स्वतः शाळेचा उंबरठा नियमितपणे कधी ओलांडला नव्हता, ते हे पत्र १९५६ मध्ये मृत्यू येईपर्यंत संपादित करीत राहिले.